सासूबाई, मी आणि सुपरकंडक्टर

मंडळी, काल बारावीच्या वर्गात सुपरकंडक्टर शिकवला. कुणाला काही कळलं नाही. आज तो मलाच नातेपुत्याच्या बाजारात सापडला.

एरवी मी एकटी बाजारात गेले की दर चार पावलांवर कुणीतरी पालक अडवतात. "मॅडम, आमची पोरगी अभ्यास करतीय का?" साध्या तारेतला इलेक्ट्रॉन असाच धडकत, ताकद घालवत जातो.

आज सोबत सासूबाई होत्या. त्या निवृत्त शिक्षिका. अर्ध्या बाजाराला त्यांनीच पाढे शिकवलेत, आणि अजूनही भर रस्त्यात विचारतात, "सतरा साते किती रं?" त्यांना बघताच सगळे जागच्या जागी गारठले. कुणी अडवायला पुढं आलं नाही. सुपरकंडक्टरमध्ये, म्हणजे ठरावीक अतिथंड धातूत, इलेक्ट्रॉन जोडीनं निघतात आणि विनाअडथळा वाहतात, ते हेच की!

दहा मिनिटांत घरी पोचलो. मी खुशीत सासूबाईंना म्हटलं, "आत्या, आज आपण सुपरकंडक्टरमधनं आलो!"

"व्हय, पण भाजी कुटं हाय?"

पिशवी रिकामी. कुठं अडलोच नाही, तर घेणार कधी?

उद्याच्या तासाला उदाहरण तयार आहे, आज घरात पिठलं आहे. तुमच्याकडे काय बेत? जेवायला येऊ का? जोडीनंच येऊ.