मिस्त्रींचं वाढीव वर्ष

आमच्या बेटावरच्या सुरिनाम गावाला माणसावर प्रेम करायची एकच रीत ठाऊक होती. त्याला जेवायला बोलवायचं आणि नको म्हणू द्यायचं नाही. सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा देवळाचं शिखर बांधायला रत्नागिरीकडचे एक मिस्त्री आले आणि गावाचं हे सगळं प्रेम त्या एका सडपातळ माणसाच्या ताटात येऊन पडलं.

देऊळ तोवर पत्र्याचं होतं. समुद्रावरून वारा सुटला की आरतीपेक्षा पत्र्याचाच आवाज जास्त व्हायचा. गावात मराठी घरं मूठभर, बहुतेक उसात राबणारी. पण त्यांनी हट्ट धरला की शिखर आपल्या मुलखातल्या माणसाच्याच हातचं हवं. हा ‘आपला मुलूख’ आमच्यापैकी एकानंही पाहिलेला नव्हता, ते सोडा. माझे बाबा देवळाच्या मंडळाचे सेक्रेटरी. साखर कारखान्यात नोकरी आणि युनियनचे जुने कार्यकर्ते. संपाच्या दिवसांत त्यांचा आवाज फाटकाबाहेरच्या बसथांब्यापर्यंत जायचा, असं आई अर्धं कौतुकानं, अर्धं वैतागून सांगायची. राजधानीत, पोर्ट लुईच्या कचेरीत खेटे घालून परमिट त्यांनीच आणलं. मुदत एक वर्ष, काम शिखराचं, मालक म्हणजे मंडळ. राहण्याची सोय आणि परतीचं तिकीट मंडळानं करायचं.

मिस्त्री मितभाषी होते. पण आमच्या म्हाताऱ्या बोलायला लागल्या की त्यांचा चेहरा खुलायचा. “ह्या माझ्या आजीसारखं बोलतात,” असं ते म्हणाले आणि म्हाताऱ्या लाजून चूर झाल्या. आम्ही तरुण मंडळी वाक्य मराठीत सुरू करून बेटावरच्या क्रिओल बोलीत संपवायचो, तेव्हा ते नुसती मान हलवत.

जेवणाची पाळी लावली होती. रोज एक घर. देवळाचं काम करणारा माणूस म्हणून पान शाकाहारी, आणि प्रत्येक घराला आदल्या घरावर मात करायची असल्यामुळे रोज पुऱ्या आणि रोज खीर. रविवारी शिखराचं काम बंद, म्हणून त्या दिवशी मिस्त्री सगळ्यांचे. कुणाला देव्हारा दुरुस्त करून हवा असे, कुणाला भिंतीची भेग दाखवायची असे, कुणाची मुलं भजनाचा ठेका शिकायला बसत. मी तेव्हा व्हाकोआच्या शाळेत नुकती शिक्षिका झाले होते आणि शनिवारी-रविवारी घरी येत असे. मुलांना मराठी शिकवायची खरी, पण माझंच अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं. मिस्त्री पाटीवर संथपणे ‘क्ष’ काढून दाखवत आणि मी गिरवत बसे. बदामाच्या झाडाखाली चटई, आईनं आणलेला व्हॅनिलाचा चहा, सिमेंटचा ओला वास, आणि समोर रोज थोडं थोडं वर चढणारं शिखर. ते रविवार आठवले की आजही मला तिथं परत जाऊन बसावंसं वाटतं. इतक्या आनंदात मी पुढे फार कमी वेळा होते.

त्यांचा पासपोर्ट आमच्या कपाटात होता, आईच्या लग्नातल्या शालूखाली. हरवायला नको म्हणून बाबांनीच मागून घेतला होता.

वर्ष संपत आलं तरी शिखर निम्मंच झालं होतं. दोष कुणाचाच नव्हता. कधी सिमेंट नसे, कधी वादळाचा इशारा लागे. गणपतीच्या दिवसांत आरती झाल्यावर बाबा उभे राहिले आणि त्यांनी जाहीर केलं की मंडळानं मिस्त्रींचं परमिट आणखी एक वर्षानं वाढवायला दिलं आहे. टाळ्या झाल्या. मिस्त्रींच्या गळ्यात हार पडला. त्यांनी सगळ्यांना वाकून नमस्कार केला. इंग्रजी कागदावर त्यांची सही बाबांनी आधीच घेतली होती, बाकीच्या कागदांबरोबर. गुपित ठेवलं होतं, कारण ही त्यांना दिलेली भेट होती.

दुसऱ्या दिवशी पाळी आमच्याकडे होती. मिस्त्री खिरीत नुसता चमचा फिरवत राहिले. आईनं ते पाहिलं आणि रात्री बाबांना म्हणाली, “त्या माणसाला घरी जायाचं हाय.”

“कुनी सांगितलं?”

“सांगायला कशाला पायजे?”

बाबा चिडले. त्यांना ते लागलं होतं. पण माणूस सरळ, त्यामुळे सकाळी परांचीवर चढण्याआधीच त्यांनी मिस्त्रींना गाठून विचारलं. मिस्त्री हात जोडून म्हणाले, “तुम्ही म्हणाल तसं.” बाबा छाती काढून घरात आले. आईनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. असलं उत्तर ती स्वतः बाबांना किती वर्षं देत आली होती, हे तिला ठाऊक होतं.

मग कचेरीतून निरोप आला की परमिट वाढवायचं तर कामगाराला समक्ष आणा. मिस्त्रींना क्रिओल येत नव्हतं, साहेबाला मराठी, आणि मंडळाच्या सेक्रेटरीनंच दुभाषी होणं कचेरीला चालणार नव्हतं, म्हणून मी गेले. बाबांनी ठेवणीतला कोट चढवला होता.

साहेब वयस्क, मोका गावाकडचे, खोकत बोलणारे. कागद चाळून ते बाबांना क्रिओलमध्ये म्हणाले, “पात्रों बाहेर थांबतील.”

पात्रों म्हणजे मालक. उसाच्या मळ्यावर हा शब्द कुणासाठी वापरतात ते आमच्याकडे पाळण्यातल्या मुलाला कळतं. बाबांनी मागे वळून पाहिलं, दारात आणखी कोणी आलंय का म्हणून. कोणी नव्हतं. ते टोपी हातात घेऊन बाहेर गेले.

दार लागल्यावर साहेबांनी विचारलं, सुट्टी कधी असते? मिस्त्री म्हणाले, रविवारी. रविवारी काय करता? मिस्त्री सांगत गेले आणि मी क्रिओलमध्ये आणत गेले. देव्हारे, भिंती, भजन, आणि ह्या बाईंचं अक्षर. साहेबांनी पुन्हा तोच प्रश्न केला, मग सुट्टी कधी असते?

“प्रेमानं बोलावतात हो,” मिस्त्री घाईनं म्हणाले. “त्यांना बोल लावू नका.”

“पासपोर्ट?”

“ह्यांच्या कपाटात.”

साहेब माझ्याकडे बघत राहिले. भाषांतर करायला गेलेली मी, कपाट माझ्याच घरचं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

“आणखी एक वर्ष राहायचं आहे का?”

मिस्त्रींनी दाराकडे पाहिलं. “बाहेर ऐकू जातं का?” मी नाही म्हटलं. मग एका दमात ते म्हणाले, “नको. घरी जायचंय. मुलगी रांगत होती, आता धावत असेल. आणखी वर्षभर राहिलो तर मला ओळखायची नाय.” थोडं थांबून म्हणाले, “आणि अजून एक. मी कोकणातला माणूस. समोर होड्या लागतात, घराघरांतून मासे तळल्याचा वास येतो, आणि मला रोज खीर. सांगू कुणाला?” एवढं म्हणून ते रडायला लागले.

हे मी क्रिओलमध्ये सांगितलं तेव्हा साहेबांना आधी हसू आलं, मग त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला. कामगाराची इच्छा नसेल तर परमिट वाढणार नाही, ते म्हणाले. मुदत संपायच्या आत मंडळानं तिकीट काढायचं आणि पासपोर्ट आजच्या आज परत द्यायचा. आत काय बोलणं झालं ते पात्रोंना सांगायचं नाही, असंही मला बजावलं.

बसमध्ये मिस्त्री पुढे बसले, मी आणि बाबा मागे. क्युरपीपला बस थांबली तेव्हा बाबा माझ्याकडे वळले. मग म्हणाले, “पात्रों म्हंजे मी?”

मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. घरी गेल्या गेल्या त्यांनी कपाट उघडलं आणि पासपोर्ट स्वतः मिस्त्रींच्या हातात दिला.

पण तिकीट मंडळाच्या हातात होतं, आणि रविवारची बैठक चांगलीच तापली. मिस्त्री खोलीवर थांबले होते. लोक वाईट नव्हते, दुखावलेले होते. आमच्यात काय कमी पडलं, असं बायका विचारत होत्या. एकजण म्हणाला, “शिखर पुरं होऊ द्या, मग तिकीट. कुठं पळून जातो?” बऱ्याच माना हलल्या. तसं झालं असतं तर मिस्त्री परमिटाशिवाय अडकले असते, आणि तरीही मुकाट्यानं परांचीवर चढले असते. मला त्या सगळ्यांचा इतका राग आला की ओरडावंसं वाटलं.

बाबा उठले. एरवी सभेत गरजणारा माणूस त्या दिवशी इतका हळू बोलला की मागच्यांना पुढे सरकावं लागलं.

“आपले पणजेबी कंत्राटावर आले,” ते म्हणाले. “कोन्त्रा संपल्यावर तुमास्नी घरी जायाचं काय, असं त्यांना कुनी बंद खोलीत नेऊन इचारलं असतं, तर आज ह्या देवळात बसायला आपल्यातला एकबी नसता.”

मग कोपऱ्यातले सगळ्यांत वयस्क आजोबा म्हणाले, “म्हंजे बरं झालं म्हनायचं, नाय इचारलं ते.”

बैठक हसली. बायकासुद्धा पदर तोंडाशी धरून हसल्या. बाबाही हसायला गेले, पण त्यांना रडू फुटलं, आणि ते खाली बसले तरी ते थांबेना. हसणं हळूहळू विरलं. तिकीट काढायला कोण कोण तयार आहे, हे मग मीच विचारलं, मंडळात माझं नाव नसतानाही. पहिला हात आजोबांनीच वर केला, होकाराचा, आणि तो खाली घेईपर्यंत त्यांच्या डोळ्यांतलं पाणी गालावर आलं होतं.