कप्तानीणबाईंची तिळाची बिस्किटं

गल्लीत तिला सगळे कप्तानीणबाई म्हणायचे. नवरा बोटीवर होता हे खरं, पण कप्तान वगैरे काही नव्हता. तो खाली इंजिनात तेलपाण्याचं काम बघायचा. लग्नानंतर ती भाड्याच्या जागेत राहायला आली, तेव्हा तळमजल्यावरच्या शिंप्यानं "तुमचे हे काय करतात?" असं विचारलं, आणि ती लाजून "बोटीवर असतात" एवढंच बोलली. बाकीची बढती शिंप्यानंच देऊन टाकली. पुढे तिनं कितीदा सांगून पाहिलं, पण एकदा चिकटलेलं नाव काही सुटलं नाही.

ती स्वतः पडद्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची. मोठमोठ्या हॉटेलांचे, सभागृहांचे पडदे. त्यांच्या खालच्या दुमडीत शिशाची बारीक साखळी घालून शिवायची, म्हणजे पडदा वाऱ्यानं उडत नाही, सरळ पडतो. हे काम तिच्याइतकं सफाईदार कुणाचं नव्हतं. दिवसभर मशीन चालवायची, संध्याकाळी घरी सासूबाई, आणि नंतर लेक. नवरा वर्षातले बरेचसे महिने पाण्यावर.

पहिल्या सफरीवरून परतताना त्यानं कुठल्याशा बंदरातून एक बरणी आणली. आत करड्या रंगाचं काहीतरी घट्ट, वर बोटभर तेल तरंगत होतं. बरणीवरचं अक्षर कुणालाच वाचता येईना. सासूबाईंनी झाकण उघडून आधी वास घेतला, मग बोट बुडवून चाखलं.

"अगं, हे तर तिळाचं वाटण! एवढा समुद्र ओलांडून माझ्या लेकानं तीळ आणले."

"आई, त्याला ताहिनी म्हणतात," तो म्हणाला.

"म्हणू देत. तिळाला काय कळतंय?"

बरणी कपाटात पडून राहिली. सुट्टी संपत आली तशी ती अस्वस्थ झाली. बरोबर काय द्यायचं? लाडक्या माणसाला रिकाम्या हातानं पाठवायचं तरी कसं? तेव्हा तिला बरणी आठवली. वरचं तेल खराब झालं असेल म्हणून तिनं ते ओतून टाकलं. उरलेला घट्ट गोळा लोणी, साखर आणि मैद्यात कालवला, गोळ्या वळल्या, तिळात घोळवल्या आणि ओव्हनमध्ये ठेवल्या. बिस्किटं निघाली ती विटांसारखी. सासूबाईंनी एक उचलून टेबलावर आपटलं.

"सूनबाई, जपून ठेव. घर बांधायचं झालं तर पायात घालू."

सगळे हसले. तो तर पोट धरून हसला, आणि तीच बिस्किटं बॅगेत भरून घेऊन गेला. पण पुढच्या सुट्टीत ती पुन्हा तीळ भाजायला बसली, तेव्हा तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"आत्ता नको करूस."

"का हो? या वेळी नीट करते. तेल ओतायचं नसतं, ढवळून घ्यायचं असतं, आता कळलंय मला."

"तसं नाही गं. तो वास आला की निघायची वेळ झाली असं वाटतं."

तिनं गॅस बंद केला. त्यानंतर तो घरी असताना तिनं कधी ती बिस्किटं केली नाहीत. तो गेला की करायची.

आणि चांगली जमायला लागली. बरणी संपल्यावर ती ताहिनीही घरीच करू लागली. मंद आचेवर तीळ हलवत राहायचे, एक जरी काळा पडला तरी सगळ्यात कडवटपणा उतरतो. मग मिक्सरमध्ये फिरवायचे. आधी कोरडा भुगा होतो, मग लगदा, आणि आता काही होत नाही असं वाटत असतानाच त्याला तेल सुटतं आणि सगळं मऊसूत होऊन जातं. कंपनीच्या कचेरीतून कळायचं की अमुक माणूस बोटीवर चढायला निघालाय, मग डबा त्याच्या हाती. कधी बोट आधीच पुढच्या बंदराला गेलेली असायची, आणि डबा तिच्या मागे मागे फिरत राहायचा.

फोनवर दोघांनाही बोलता यायचं नाही. त्याच्या मागे रांग असायची, हिच्या मागे सासूबाई.

"डबा मिळाला."

"फुटली नाहीत ना?"

"थोडी."

"बरी झाली होती?"

"एकदम फस्त."

एवढ्यावर फोन संपायचा. मग ती भांडी घासताना तेच शब्द पुन्हा पुन्हा आठवायची. 'एकदम फस्त' म्हणताना त्याचा आवाज जरा हलला होता का? की लाइनच तशी होती? शाळेत लेकीला घरातल्या माणसांचं चित्र काढायला सांगितलं, तर तिनं आई काढली, आजी काढली आणि बाबांच्या जागी टेलिफोन काढला. शिक्षिका हसल्या. ही हसली नाही.

सासूबाई शेवटी शेवटी काही खाईनात. दात गेलेले, चवही गेलेली. पण तिळाचं बिस्किट चहात बुडवून दिलं की चोखत बसायच्या. त्या गेल्या तेव्हा तो कुठल्या तरी महासागराच्या मध्यावर होता. निरोप पोचला, माणूस पोचू शकला नाही. फोनवर म्हणाला, "बिस्किट देत होतीस ना तिला?"

"देत होते. चहात बुडवून."

"बरं केलंस."

मागे कुणीतरी घाई करत होतं. त्यानं फोन ठेवला.

या सगळ्या वर्षांत तिनं मनाशी एकच हौस बाळगली होती. ओव्हनमधून काढल्या काढल्या बिस्किट इतकं मऊ असतं की हात लावला तर मोडतं. पार निवलं की खुटखुटीत होतं. त्या दोहोंच्या मध्ये थोडासा वेळ असा असतो, की कडा कडक झालेल्या असतात आणि मध्यभाग अजून ऊन, तोंडात टाकला की विरघळतो. ते बिस्किट डब्यात घालून पाठवता येत नाही. ते खायला माणूस घरातच असावा लागतो. तो कायमचा घरी येईल, तेव्हा त्याला समोर बसवून ते द्यायचं, असं तिनं ठरवून ठेवलं होतं.

तो आला. केस पांढरे झालेले, इंजिनाच्या धडधडीनं एक कान गेलेला. मोठ्यानं बोलायचा. तोवर लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली होती. त्याला घरात काय करावं कळेना. त्यानं घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं, मग शेजाऱ्यांच्या, मग जिन्यावरच्या फाटकाला. शिंपी म्हणाला, "कप्तानसाहेब, आता माझ्या गुडघ्यांतही दोन थेंब घाला."

एका सुट्टीच्या दुपारी तिनं ठेवणीतली ताटली काढली. तीळ भाजले, ताहिनी केली, गोळ्या वळल्या. त्याला ओव्हनसमोर खुर्ची टाकून दिली.

"आता वासाची भीती नाही ना?"

"नाही गं," तो हसला.

ट्रे बाहेर आला. तिनं वाट पाहिली. बोटानं कडा दाबून पाहिली. मग उलथन्यानं एक अलगद उचललं, ताटलीत ठेवलं आणि त्याच्या हाती दिलं. त्यानं खाल्लं. सगळं खाल्लं. पण इतक्या वर्षांच्या संसारात त्याचा चेहरा तिला मोजकेच दिवस पाहायला मिळाला होता, त्यामुळे ती त्यातली रेघन् रेघ ओळखत होती.

"खरं सांगा."

"छान आहे."

"अहो, खरं सांगा म्हणते ना मी."

त्यानं ताटली खाली ठेवली. "छानच आहे. पण ही ती नाहीत."

"ती म्हणजे कुठली?"

"तू पाठवायचीस ती. जरा सादळलेली असायची. डब्याचा वास लागलेला, तिळाला थोडी कडसर चव. मी डबा आला की लगेच उघडायचो नाही. अगदीच करमेनासं झालं की उघडायचो. चहात बुडवली की भुगा व्हायचा, तो चमच्यानं खायचो."

तिला आधी समजेना. मग समजलं.

"म्हणजे शिळी! तेल खवट झालेली! इतकी वर्षं तुम्ही खवट बिस्किटं खाल्लीत आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत?"

"मला काय ठाऊक खवट होती? मला वाटलं तू तशीच करतेस. तीच आवडायला लागली."

तिला हसू फुटलं. हसता हसता ती ओट्याकडे वळली आणि पदरानं डोळे पुसू लागली. तो मागून मोठ्या आवाजात "अगं काय झालं? अगं पण आवडायची ना मला!" म्हणत राहिला.

पुढचे काही दिवस ती कारखान्यात गप्प गप्प होती. समोरच्या मशीनवरची मैत्रीण म्हणाली, "आता तर नवरा घरी आलाय. आता कसली हुरहुर?"

"तेच तर कळत नाही," ती म्हणाली. "माणूस समोर बसलेला असतो, आणि आठवण आपली चालूच आहे."

एका दुपारी कारखान्यातल्या फोनवर तिला बोलावणं आलं. तो घरून बोलत होता.

"काय झालं? बरं वाटत नाही का?"

"बरं आहे." रांग नव्हती, घाई नव्हती, तरी त्याला शब्द सापडेनात. "तुला समोर सांगायला जमत नाही, म्हणून फोन केला. त्या दिवशी तुझा विरस केला मी."

"जाऊ द्या हो."

"तू कधी बोट बघितलीस का गं?"

तिनं बघितली नव्हती. तो नेहमी कोपऱ्यावरूनच बसनं जायचा. तिच्या मनातली बोट कॅलेंडरावरची होती, पांढरीशुभ्र, आणि तो कठड्याला टेकून वारा खात उभा. रात्ररात्र ती खिडकीतून चंद्र बघायची ते याच समजुतीत, की तोही तिकडे डेकवरून तोच बघत असणार.

रविवारी दोघं बसनं बंदरावर गेली. लांबचा प्रवास होता. आत सोडत नव्हते, म्हणून ती तारेच्या कुंपणापाशी उभी राहिली. धक्क्याला एक मालवाहू बोट लागली होती. भली थोरली, अंगावर गंज चढलेली, सगळीकडे लोखंडी पेट्या.

"माझी अशीच होती," तो म्हणाला.

"तुम्ही कुठे असायचात?" ती वरच्या कठड्याकडे बघत होती.

त्यानं तिचा हात धरून खाली रोखला. बोटीच्या काळ्या रंगाच्याही खाली, जिथं लाल पट्टा पाण्यात शिरत होता, तिथं.

"तिथं?"

"त्याच्याही खाली. पाण्याच्या आत."

"आणि खिडकी?"

"इंजिनाला कशाला हवी खिडकी?"

पाणी त्या लाल पट्ट्यावर वरखाली होत होतं, तेलाचे रंग त्यावर पसरत होते. क्रेननं एक पेटी उचलली आणि बोटीच्या पोटात सोडली. त्यानं पिशवीतून पाण्याची बाटली काढून तिच्यापुढे धरली, उन्हात उभं राहू नकोस म्हणाला, बस चुकेल म्हणाला. ती दोन्ही हातांनी तार धरून त्या जागेकडे बघत राहिली.