कारभारणीच्या कमळाची जोड

सन दोन हजार चोवीस. मला बहात्तरावं चालू होतं आणि अंगावर गोंदणाचा एक टिपकासुद्धा नव्हता. गोंदण हे बायकांचं काम, असं मी जन्मभर छाती काढून सांगत आल्तो.

त्या उन्हाळ्यात कारभारणीची धाकटी बहीण गेली. दोघी लहान असताना गोंदणारीनं एकाच दिवशी दोघींच्या डाव्या हातावर सारखंच कमळ काढल्तं. वर गेल्यावर बहिणी एकमेकींना वळखू याव्यात, म्हणून त्यांच्या माहेरी तशी रीतच. बहीण गेली तशी ही त्या कमळावर पदर ओढून बसायला लागली. चतकोर भाकरीवर उठायची. महिनाभर हेच. मी एकदा रागं भरलो, तर म्हणली, "माझं कमळ एकटं पडलं."

झालं! जोडच पाहिजे ना? मंग माझा हात काय मेला का?

कुणाला न सांगता वडीगोद्रीला गेलो. रोडच्या कडेला एका बाईचं टॅटूचं दुकान होतं. खुर्चीत बसलो, बाही वर सारली. टोपी अशी नीट केली, जसा काही नवरीच बघायला आल्तो.

"कमळ? पक्षाचं काढायचं का, बाबा?"

"न्हाई. बायकोचं."

बाई हसली अन् मोबाईलवर कमळं दाखवायला लागली. एक रंग सांडल्यासारखं गुलाबी, एक केसासारख्या बारीक रेघेचं, एक गोल नक्षीतलं, एकावर बुद्ध बसलेले. कळी म्हंजे नवी सुरुवात, पांढरं म्हंजे शांती, पुरं उमललेलं म्हंजे चिखलातून वर आलेला जीव, असं ती भराभर सांगत गेली. मला सगळीच आवडली. बुद्धवालं तर लईच. पण मी म्हणलो, "माय, आमचं एवढं देखणं न्हाई." कागद मागितला अन् माझ्या हातानं काढून दिलं. तीन पाकळ्या, एक देठ, देठाखाली टिपक्यांची रांग.

"हे कमळ? बाबा, हा तर मुळा दिसतो."

"मुळा तर मुळा. पण हेच."

"टिपके किती?"

इथं माझी गाडी अडली. पन्नास वर्षं त्या हातची भाकर खाल्ली, पण टिपके कोण मोजतंय? बाई म्हणली, घरी फोन लावा. लावला असता तर सगळी मजाच गेली असती. अन् बायकोचा हात मला ठावं न्हाई, हे परक्या दुकानात कबूल करायचं? बिलकुल न्हाई.

"नऊ!" मी ठणकावलं.

"नक्की? नंतर पुसता येत न्हाई."

"नऊ म्हणलं ना!"

मशीन घुरघुरलं. दुखलं, पण तोंडातून हूं न्हाई काढलं.

घरी आलो तर कारभारीण मिरच्यांची देठं खुडत बसल्ती. तिच्या नाकापुढं हात धरला. ती बघतच राह्यली. मंग तिनं पदर सारला, आपला हात माझ्या हाताला लावला अन् बोटानं मोजायला लागली.

"माझे सात हायत ओ. हे दोन कुठून आणले?"

मी घाईनं बाही खाली ओढली.

"पन्नास वर्षं काय बघत होता, नुसतं ताट?" अन् अशी हसली, अशी हसली, की सूप कलंडून मिरच्या अंगणभर झाल्या. हसता हसता डोळे पुसायला लागली.

मी काय हार मानतो? "नऊच बराबर हायत. तुझेच दोन कमी पडले."

तिनं आपला हात पुन्हा माझ्या हाताशेजारी धरून बघितला. मंग म्हणली, "तर मला दोन टाकून आणा की."

"दुखतं."

"तुम्हाला दुखलं असंल. मी सात वर्षांची होते, तरी रडले न्हवते."

"पण बहीण वळखंल का तुला?"

"न वळखायला काय झालं? सांगीन तिला, सात आपले अन् दोन ह्यांचे."

त्या दिवशी ती अख्खी भाकर जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच रिक्षानं तिला वडीगोद्रीला नेलं, खुर्चीत बसवलं अन् टॅटूवालीला म्हणलो, "दोन टिपके. चल, जल्दी कर."