लेकरांची सावड

मी ओट्यावर मिरच्यांचे देठ खुडत बसले होते, तेव्हा रजियाभाभी येऊन दारात उभी राहिली. एरवी ही बाई गल्लीच्या तोंडापासून बोलत येते, तिचा आवाज आधी पोचतो आणि ती मागून. त्या दिवशी काहीच बोलेना. मी म्हणलं, "काय गं, तोंडाला कुलूप लावलं का?" तर ती माझ्याशेजारी खाली बसली. म्हणाली, "छाया, अपनी सुजाताताई गई... मंठ्याहून फोन आल्ता." माझ्या हाताला मिरचीचा झणका, डोळ्यांना धार लागलेली, आणि पुसायची सोय नाही. शेवटी रजियाभाभीनंच तिच्या ओढणीनं माझे डोळे पुसले.

त्याला आता महिना उलटून गेला. ताईंवर पेपरच्या पुरवणीसाठी तुम्हीच लिहा, असा निरोप आला तेव्हा मला हसूच आलं. बारावी झाल्यानंतर ब्लाउजच्या मापांशिवाय मी काही लिहिलेलं नाही. पण मग वाटलं, दुसरं कुणी लिहील तर ताईंची देवी करून टाकील. ताई देवी बिलकुल नव्हत्या. भांडकुदळ होत्या. मीही भांडकुदळ. म्हणून तर आमचं जमलं.

ताई जालन्याच्या एका संस्थेत होत्या. अपंग लेकरांना आणि त्यांच्या घरच्यांना जे जे लागतं, ते जुळवून आणायचं, हे त्यांचं काम. दवाखाना, शाळा, प्रमाणपत्र, चाकांची खुर्ची, व्यायाम, आणि मधेच कधी नवरा-बायकोचं भांडणसुद्धा. हुद्दा होता समन्वयक. आमच्या हसनाबादला तो शब्द कुणाच्या जिभेवर बसला नाही. माझ्या सासूबाईंना कितीतरी दिवस वाटायचं की ही डोस पाजणारी बाई आहे.

पहिल्यांदा आल्या तेव्हा माझी गौरी चारेक वर्षांची असेल. गौरी जन्मली तेव्हा रडली नाही. मान उशिरा धरली, चालली तर नाहीच, आणि बोलणं म्हणजे दोन-तीन आवाज. सगळ्यात अवघड होतं तिचं जेवण. घास मऊ कालवायचा, एका हातानं मान सावरायची, ओठाच्या कोपऱ्यातून थोडा थोडा सरकवायचा, ती गिळेपर्यंत दम धरायचा. घाई केली की ठसका लागून लेकरू निळं पडायचं. हे फक्त मला जमायचं. तिच्या बापाला जमलं नाही, सासूबाईंचे हात थरथरायचे. मलाच जमतं याचा मला जरा तोराही होता, खोटं कशाला बोलू? पण रोज घास कालवताना एकच गोष्ट मनात यायची... मी मेले तर हिला भरवील कोण? उपाशी मरेल माझी पोर.

तर ताई आल्या. सासूबाईंनी रिवाजाप्रमाणं विचारलं, "कोणाच्या तुम्ही?" आमच्याकडं या प्रश्नाचा अर्थ सगळ्यांना कळतो. ताई म्हणाल्या, "आम्ही बौद्ध, मंठ्याचे. वडील मास्तर होते." सासूबाई आत गेल्या आणि कान तुटलेल्या कपातून चहा घेऊन आल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताईंनी कप हातात घेतला, फिरवून बघितला आणि परत सासूबाईंच्या पुढं धरला. "आत्याबाई, कान असलेला द्या. चटका बसतो. आन् मी काय एकदा येऊन जाणारी बाई न्हाई, तुमच्या घरी लई चहा प्यायचाय मला." सासूबाईंनी तो कप परत घेतला. मग पदर सावरत आत गेल्या आणि पाहुण्यांसाठीची कपबशी काढून आणली. पुढं या दोघींची अशी गट्टी झाली की ताई आल्या की सासूबाई माझी गाऱ्हाणी त्यांनाच सांगायच्या.

चहा झाल्यावर मला वाटलं, आता गौरीला तपासतील. तर मलाच विचारलं, "छायाबाई, शेवटचं माहेरी कधी गेल्तात?"

मी भडकले. "तुम्ही लेकरू बघायला आल्यात का मला?"

"दोघींना. पण लेकराची मान तुमच्या हातात हाये, म्हणून आधी हात बघून राह्यले."

मला तेव्हा ती बाई आगाऊ वाटली. माहेरी मी गौरी झाल्यापासून गेलेच नव्हते, हे मात्र मी सांगितलं नाही.

त्यांच्या कामाची एक तऱ्हा होती. आमच्यासारख्यांना हेलपाटेच मारून टाकतात. प्रमाणपत्राला एक, खुर्चीच्या मापाला एक, कान तपासायला एक, आणि प्रत्येक हेलपाट्याला वाढतं लेकरू कडेवर. ताई महिनाभर फोनवर भांडून सगळी कामं एका दिवसात गोळा करायच्या. एकदा एक साहेब म्हणाले, उद्या या. ताई म्हणाल्या, "बरं साहेब, मंग उद्यापर्यंत आम्ही हितंच बसतो. लेकरांना झोपायला सतरंजी मिळंल का?" आणि खरंच बाकावर ऐसपैस बसून पिशवीतले फुटाणे सगळ्यांना वाटायला लागल्या. साहेबांनी अर्ध्या तासात सह्या केल्या, वर चहा पाजला.

खुर्ची मिळाली की बाकीचे लोक फोटो काढतात आणि जातात. ताई परत यायच्या, खुर्ची लहान झाली का ते बघायला. म्हणायच्या, "दवाखाना दोन दिवसांचा, योजना एका सालाची. लेकरू जनमभराचं." गौरी शहाणी झाली, पाळी सुरू झाली, तेव्हा नात्यातल्या बायका मला सल्ला द्यायला लागल्या, पिशवी काढून टाक, कटकट मिटेल. तिला काय कळतंय? माझंही मन डळमळलं होतं. ताईंच्या हे कानावर गेलं, आणि त्या दुसऱ्याच दिवशी आल्या. त्यांना इतकं चिडलेलं मी कधी बघितलं नव्हतं. "कटकट कोणाची, तिची का तुमची? तिच्या अंगाचा निकाल शेजारणी लावणार का?" मग राग गिळून त्यांनी मला आणि सासूबाईंना सगळं नीट समजावलं, कपडा कसा घ्यायचा, कसा बदलायचा, इथपर्यंत. जाताना गौरीच्या केसांना नवी रिबीन बांधून गेल्या. म्हणाल्या, "पोरगी मोठी झाली, घरात कोणी गोडाचं केलं का न्हाई?" आम्ही त्या संध्याकाळी शिरा केला.

आता सावडीचं सांगते, ते गौरी अजून लहान होती तेव्हाचं. आमच्याकडं रानात सावड करतात. आज माझ्या रानात चौघी खुरपायला येतात, उद्या आम्ही सगळ्या मिळून दुसरीच्या रानात जातो. मजुरी कुणी कुणाला देत नाही, कामानं काम फिटतं. ताईंनी गावातल्या आम्हा चार आयांना रजियाभाभीच्या घरी बसवलं. रजियाभाभीचा अमान समजेनं लहान, बाकी दोघींची लेकरंही आपापल्या परीनं अवघड. ताई म्हणाल्या, "मिरचीची सावड करता, मंग लेकरांची का न्हाई? आठवड्यातून एक दिवस चारही लेकरं एका घरी. तिथली बाई बघंल, बाकीच्या तिघी मोकळ्या. कुठं जायाचं तिकडं जा."

आम्ही माना डोलावल्या. पहिली पाळी रजियाभाभीची. ताई दुपारी बघायला आल्या, तर घरात लेकरं चार आणि आयाही चार! कुणी गेलंच नव्हतं. आपलं लेकरू दुसरीच्या अंगावर टाकायचं म्हणजे फुकटचं ओझं, म्हणून प्रत्येकीनं डबाही आपापला आणला होता. मी तर गौरीला मांडीवरून खालीसुद्धा ठेवलं नव्हतं. ताई इतक्या हसल्या की भिंतीला टेकून खालीच बसल्या. "अगं बायांनो, सावडीला गेल्यावर आपापला वाफा आपणच खुरपता का?"

मग त्यांनी आम्हा तिघींना अक्षरशः हुसकून बाजारात पाठवलं, बांगड्या भरायला. मी अर्ध्या वाटेवरून परत फिरले. गौरीची जेवायची वेळ झाली होती ना. येऊन बघते तर दार आतून लावलेलं. मी कडी वाजवली. आतून ताईंचा आवाज, "छायाबाई, हात दाखवा खिडकीतून. बांगड्या कुठंयत?"

"मला बांगड्या नकोत, माझं लेकरू द्या!"

"लेकरू जेवून राह्यलंय."

आत गौरी रडत होती. मी भर गल्लीत ताईंना नाही नाही ते बोलले. बाया गोळा झाल्या. आतून गौरीचं रडणं, मग रजियाभाभीचं गाणं, मग ठसका... ताई आतूनच एकेक गोष्ट सांगत होत्या, "मान धरली. पाणी दिलं. ठीक हाये. आता गिळलं." दार उघडलं तेव्हा वाटीतलं अर्ध्याहून जास्त अन्न गौरीच्या झग्यावर होतं. मी तिला उचलून घरी आले आणि कितीतरी दिवस ताईंशी बोलले नाही. त्या मात्र ठरल्या दिवशी यायच्या, सासूबाईंबरोबर चहा घ्यायच्या आणि माझ्याकडं न बघता म्हणायच्या, "आत्याबाई, सावड चालू हाये बरं का."

राग किती दिवस धरणार? हळूहळू मी जायला लागले. आधी बाजारापर्यंत, मग भोकरदनपर्यंत, मग एका दिवाळीला गौरीला बरोबर घेऊन का होईना, माहेरी. बाकीच्यांचं छान बस्तान बसलं. पण गौरीचं जेवण मी काही सोडलं नाही. सावडीच्या दिवशी तिच्या वेळेला मी हजर व्हायचेच. ताईंना ते दिसायचं.

शेवटच्या भेटीत ताई फार वाळलेल्या होत्या. किडनीचं दुखणं होतं, पण बोलण्यात कुठं रड नाही. गौरीला भरवून झालं होतं. मी जे इतकी वर्षं मनात ठेवलं ते त्या दिवशी विचारून टाकलं, "ताई, माझ्यामागं हिचं कसं व्हायचं?"

ताई म्हणाल्या, "मागंचं कशाला विचारता? तुम्ही हायेत तोपर्यंत होऊ द्या ना. तुमच्या डोळ्यादेखत झालं तर मागंही होईल. तुम्ही गेल्यावर कोणी शिकणार न्हाई, छायाबाई."

मी म्हणलं, बघू. त्या हसल्या आणि एसटीला उशीर होतो म्हणून उठल्या.

त्या गेल्याचं कळलं तेव्हा मंठ्याला जायचं तर जालन्याला गाडी बदलावी लागणार आणि त्याच दिवशी परत येणं होणार नाही, हे उघड होतं. गौरीला सोडून एक रात्रही मी कधी राहिले नव्हते. मी उठेना म्हणून रजियाभाभीनंच गौरीची खुर्ची ओढली आणि म्हणाली, "जा जल्दी. हमारी सावड हाये आज." मी निघाले.

मंठ्याला ताईंच्या दारात मेणबत्त्या लावलेल्या, त्रिसरण चाललेलं, आणि गल्लीभर आमच्यासारखी माणसं. कुठल्या कुठल्या गावांहून लेकरं घेऊन आली होती. रस्त्यावर खडी पसरलेली, खुर्च्या ढकलायला वेळ लागत होता. ताईंच्या भावानं सगळ्यांना थांबवलं आणि खुर्च्या पुढं घेतल्या. मला वाईट वाटत होतं, पण बरंही वाटत होतं, एवढी माणसं बघून. संध्याकाळी मी रजियाभाभीला फोन लावला. ती माझ्यावरच खेकसली, "फोन ठेव, घास गार होतोय!"

दुसऱ्या दिवशी हसनाबादला उतरले ती थेट तिच्या घरी. गौरी ओट्यावर खुर्चीत बसलेली, रजियाभाभी तिला खिचडी भरवत होती. मला बघून गौरी सगळ्या अंगानं हसली, आणि तिच्याजवळ माझ्यासाठी जो एक आवाज आहे, तो काढला. मी हात धुतले, रजियाभाभीच्या हातातला चमचा घेतला, घास पुढं केला. गौरीनं तोंड मिटलं. मी पुन्हा केला. तिनं मान वळवली आणि रजियाभाभीकडं बघून तोंड उघडलं.

रजियाभाभी ओशाळली. "अगं, अम्मी आयी ना तेरी!" मी चमचा तिच्या हातात परत दिला. छातीत एक कळ आली, खरंच आली. आणि मागोमाग असं हलकं वाटलं की मला तिथंच मोठ्यानं रडू फुटलं. हे बघायला ताई पाहिजे होत्या...

"रोती कायकू? बस, तू पण जेव," असं म्हणत रजियाभाभीच्या सासूनं माझ्यापुढं ताट ठेवलं. गौरी झाल्यापासून मी तिच्याबरोबर कधी जेवले नव्हते. तिचं होईस्तोवर माझं अन्न गार होऊन जायचं, आणि तीच माझी सवय झाली होती. त्या दुपारी खिचडीतून वाफ निघत होती. तिकडं गौरी खात होती, इकडं मी खात होते. मी पुन्हा वाढून घेतलं.