डावा गाल

दुकानात तिला सगळे गुळगुळीत बाई म्हणत. पाठीमागे, अर्थात, समोर मॅडम. सौंदर्यप्रसाधनांच्या काउंटरवर तिची नेमणूक झाली ती निव्वळ चेहऱ्यावर. उभ्या जन्मात तिला एक मुरूम उठला नव्हता. आईकडून आलेली कातडी, त्यात तिचं कर्तृत्व शून्य. पण "मॅडम, तुम्ही काय वापरता?" असं कुणी विचारलं की ती समोरची सगळ्यात महागडी बाटली उचलायची आणि म्हणायची, "हेच." घरी ती अंगाच्या साबणानेच तोंड धुवायची.

"मुरुमांवर काहीतरी द्या हो," म्हणत येणाऱ्या बायकांना ती हसतमुखाने खुर्ची द्यायची आणि मनातल्या मनात धुऊन काढायची. नखांनी खरवडून खरवडून तोंडाची चाळण करायची आणि मग बाटलीत नशीब शोधायला यायचं! त्वचा तेलकट आहे की कोरडी, असं विचारलं की झाडून सगळ्या "मिश्र" म्हणत. स्वतःचं तोंड तेलाने चकाकतंय एवढं कबूल करायलाही यांच्या जिवावर यायचं. कुणी मैत्रिणीचं सीरम मागे, कुणी मोबाइलवर पाहिलेलं फेसवॉश. डबीवर काय लिहिलंय ते वाचायचे कष्ट कुणी घेत नसे, वास मात्र सगळ्या घेत. औषधाचा वास आला की नाक मुरडायचं, गुलाबाचा आला की पाकीट उघडायचं. असल्या बावळटांना काय विकायचं ते विकावं, आपल्याला कसलं पाप लागतंय, असं तिचं साधं गणित होतं.

त्यांच्यासाठी तिने एक युक्ती काढली होती. ती कंपनीला इतकी आवडली की सगळ्या काउंटरवाल्यांना ती शिकवण्यात आली, आणि तिचा फोटो दुकानात लागला. नमुन्याच्या डबीतलं क्रीम ती गिऱ्हाइकाच्या फक्त डाव्या गालाला लावायची. "उजवा तसाच ठेवा. जरा फिरून या, मग दोन्ही गाल ताडून बघा आणि तुम्हीच ठरवा." क्रीममध्ये चमक आणणारी बारीक पूड असे, आणि आरशावरचे पिवळसर दिवे डाव्या बाजूनेच लावलेले असत. मुरूम जागच्या जागी राही, फक्त त्याच्यावर उजेड पडे. बाई परत यायची, आरशात बघायची आणि आपल्याच तोंडाने म्हणायची, "डावा बरा वाटतोय, नाही?"

"तुम्हीच बघा," ती म्हणायची. यात आपण खोटं बोललोच नाही, यावर तिचा मोठा भर.

मुलगी मात्र बापावर गेली. वयात आली आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत मुरुमांनी उच्छाद मांडला. "काही चोळू नकोस, नख लावू नकोस, साध्या साबणाने धू. जातील आपोआप," आई सांगायची. यातलं शेवटचं वाक्य थाप होती. खोल गाठी येताहेत, वेळेत औषध केलं नाही तर डाग राहतील, कातडीच्या डॉक्टरकडेच न्यायला हवं, हे तिला चांगलं कळत होतं. पण त्या दवाखान्यातल्या बाकावर कोण बसलेलं असणार? तिचीच गिऱ्हाइकं. त्यांच्या रांगेत जाऊन बसायचं, तेही असली मुलगी घेऊन! त्यामुळे आज नेऊ, उद्या नेऊ चाललं होतं. मुलगी केस पुढे ओढून गाल झाकायला लागली. वर्गाचा फोटो काढायचा होता त्या दिवशी पोट दुखतंय म्हणून घरी राहिली. आईला सगळं समजलं, आणि तिने पोटदुखीची गोळी दिली.

मुलीने आपला अर्थ काढला. जगाला ही भारी भारी बाटल्या देते आणि मला साबण, म्हणजे माझ्या तोंडावर खर्च करण्यात अर्थच नाही. आईच्या सुट्टीच्या दिवशी ती गुपचूप दुकानात जाऊन आली आणि धापा टाकत समोर उभी राहिली.

"आई, काउंटरवरच्या तुझ्या जोडीदारणीने लावून दिलं. मी तुझी मुलगी, हे कळलंच नाही तिला. उजवा तसाच ठेवलाय. नीट ताडून बघ ना, कुठला बरा दिसतोय?"

केस तिने कानामागे सारले होते. कित्येक दिवसांत तिने आपण होऊन तोंड वर केलं नव्हतं.

गाठी जिथल्या तिथे होत्या, वरून तुपकट थर. हे रोज लावलं तर काय होईल, हे त्या घरात फक्त एकीला ठाऊक होतं. सगळी करामत पुडीची आणि दिव्याची आहे, आणि ती मीच शोधून काढली, एवढं बोलायचं होतं. ते ओठांपर्यंत आलं. पण बाहेर पडला तो काउंटरवरचा आवाज, गोड आणि सराईत.

"डावा."

मुलगी इतकी खूश झाली की तिने विकत आणलेली डबी उघडून लगेच उजव्या गालालाही थापून घेतलं.

रोज लावून लावून पुढे व्हायचं तेच झालं. गाल सुजले, लालभडक झाले, उशी टेकली तरी कळ यायला लागली. तेव्हा कुठे आईने दवाखाना गाठला.

बाकावर तिचीच गिऱ्हाइकं होती. टोमणे बसणार, या तयारीनेच ती गेली होती. मनात जिला ती चाळण म्हणायची ती बाई मात्र लगबगीने सरकली.

"अय्या, मॅडम, तुम्ही! बसा ना. तुमचं क्रीम छानच होतं हो, माझी कातडीच मेली करंटी. पहिल्या दिवशी डावा गाल कसला दिसत होता माझा!"

मुलीने मान वळवली. "तुम्हालाही डाव्यालाच लावलं होतं?"

"सगळ्यांनाच लावतात. यांनीच काढली ना ती पद्धत. फोटो नाही का पाहिलास दुकानात?"

गुळगुळीत बाईला त्या बाईचा जीव तोडून तिरस्कार करावासा वाटला. जमेना. बाई मुलीच्या गालांकडे बघून हळहळली आणि अगदी विश्वासाने म्हणाली, "मॅडम, हिला आता काय लावणार तुम्ही? मीपण तेच लावते."

"आईला विचारू नका," मुलगी म्हणाली. "ती डावा म्हणेल."

मग तिने केस पुढे ओढले आणि आईच्या बाजूचा गाल झाकून घेतला.