नटावरची लाल रेघ

मागच्या शुक्रवारी मी सुलतानपूरच्या एका गॅरेजच्या खड्ड्यात उभी होते... हातात लाल नेलपॉलिशची बाटली, आणि डोक्यावर माझ्या भावाची चाळीस वर्षांची जपानी स्पोर्ट्स कार.

दादाने ही दोन दारांची गाडी घेतली तेव्हा ती चालतसुद्धा नव्हती. यंदा त्याने नागपूर ते गोवा अशा जुन्या गाड्यांच्या रॅलीत नाव दिलं आणि शेजारी बसून नकाशा बघायला मला धरलं. मी मेहकरला कॉलेजात शिकवते, सगळं टिपून ठेवायची सवय आहे... एवढीच माझी पात्रता.

गाडी तयार करत होते गौतमभाऊ. वीस वर्षं पुण्यात मोठ्या गाड्यांवर काम करून ते गावी परतले, आता बहुतेक ट्रॅक्टर आणि जीपच बघतात. पहिल्या दिवशी गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "दादा, हे तं आमच्या गोऱ्ह्यापेक्षा बुटकी हाय. आपल्या रस्त्यानं पोट घासन हिचं."

आणि मग दीड महिना तिच्यातच डोकं घालून बसले. गाडी थोडी उंच केली, पोटाखाली जाड पत्रा लावला, ब्रेकच्या नळ्या बदलल्या.

त्यांची एक पद्धत आहे. नट पूर्ण आवळला की ते "हाव" म्हणतात, म्हणजे आमच्याकडचं "हो", आणि मगच दुसऱ्याने त्यावर रेघ ओढायची, अर्धी नटावर, अर्धी शेजारच्या लोखंडावर. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटते, वाटेत नुसतं वाकून बघितलं तरी कळतं. रेघ नाही म्हणजे काम बाकी.

शेवटचे दोन दिवस रेघा ओढायचं काम माझ्याकडे होतं. बाटलीही माझीच.

शुक्रवारी दुपारी गौतमभाऊ जेवायला गेले. मागच्या बाजूच्या चार-पाच नटांवर रेघ नाही असं मला दिसलं... वाटलं, आपल्याच हातून राहिल्या. आणि मी ओढून टाकल्या. कोणाला न विचारता.

शनिवारी सकाळी चहा पिताना ते आठवलं आणि मी कप तसाच खाली ठेवला. रेघा माझ्याकडून राहिल्या होत्या, की ते नट आवळायचेच राहिले होते? त्या दिवशी दुपारी गाडी नागपूरला न्यायची होती.

खरं सांगते, अर्धा तास मी गप्प बसले. आवळलेलेच असतील, गौतमभाऊ एवढे बारकाईने काम करतात, असं स्वतःला समजावत राहिले. काही झालंच तर गाडीत मीही असणारच आहे, असाही एक विचित्र युक्तिवाद करून पाहिला. मग वाटलं, घाटात समोरून येणाऱ्याने काय केलंय?

दादाला सांगितलं. तो एरवी माझ्यावर आवाज चढवत नाही. "तुले एकच काम देल्लं होतं वं! रेघ माराचं! एवढं शिकून हेच केलं का?"

आम्ही सुलतानपूरला पोचलो तेव्हा गौतमभाऊ इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मोटरसायकलला किक मारत होते. साखरखेर्ड्याला त्यांच्या पुतणीचा साखरपुडा होता. मी अडखळत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, शर्ट काढून खिळ्याला टांगला आणि कामाचा बनियन चढवला.

मग थिनरमध्ये फडकं भिजवून ते खड्ड्यात उतरले आणि एकेक रेघ पुसायला लागले. पुढपासून मागपर्यंत, सगळ्या.

मी वरून म्हणाले, "भाऊ, मागचेच चार-पाच होते. आठवून दाखवते ना."

"राहू द्या ताई. सगळेच पाह्यतो."

सगळ्या रेघा गेल्यावर त्यांनी पान्हा उचलला. "हाव"... मी रेघ. "हाव"... मी रेघ. मागच्या डाव्या चाकापाशी पान्हा अचानक सहज फिरला. जवळजवळ पूर्ण एक फेरा.

मीच म्हणाले, "हा माझाच."

"काऊन? त्याच्यावर नाव हाय का तुमचं?" ते वर न बघताच म्हणाले. "काल मी बी घाईत होतो. हाव... मारा रेघ."

रॅली उत्तम झाली. रोज मुक्कामी पोचलं की मी वाकून सगळ्या रेघा बघायचे. एकही तुटली नाही.

तिसऱ्या दिवशी घाट उतरताना माझ्या डोक्यात उजेड पडला. नट आवळून बघायला रेघ पुसावी लागतच नाही! रेघ तशीच ठेवून पान्हा लावला असता तर सैल नट मी न विचारता रेघ ओढलेल्यांपैकी होता की त्यांनी "हाव" म्हटलेल्यांपैकी, हे रेघ बघून, निदान आठवून तरी ठरवता आलं असतं. त्यांनी आधी सगळं पुसलं, आणि मग शोधलं.

गोव्यातून फोन केला तेव्हा हे विचारायचं होतं. पण त्यांनी पहिलं विचारलं, "गाडीनं कुठी त्रास तं नाही देल्ला?" नाही म्हटलं. साखरपुड्याचं विचारलं, तर म्हणाले, "झाला ना मस्त. मी पोचलो तवा पंगत बसली होती." म्हणजे अंगठी घालताना ते तिथे नव्हते. पुढे माझ्याने काही विचारवलं नाही.

मी स्वतःला सहजासहजी सोडणारी बाई नाही, हे जवळच्यांना माहीत आहे. तो नट माझा होता का, हे मी आयुष्यभर उकरत बसले असते. गौतमभाऊंनी त्याला जागाच ठेवली नाही... एका फडक्याने.