तेल देणारी गाडी

वस्तादाचा उजवा कान डाव्यापेक्षा मोठा आहे, असं त्याच्या बायकोचं ठाम मत होतं. मोजून काही तिने पाहिलं नव्हतं. पण जो माणूस तीस वर्षं तोच कान इंजिनांना लावत आला, त्याचा कान वाढणार नाही तर काय होईल? मुळात तो कान लहानपणापासूनच तिखट. शाळा सुटायची घंटा वाजायच्या आधीच हा दप्तर आवरून बसायचा, कारण शिपाई खुर्चीवरून उठल्याचा आवाज याला चार खोल्या पलीकडून ऐकू यायचा. मास्तरांनी दोनदा धोपटून काढला, तरी सवय गेली नाही. पुढे एकदा पिठाच्या गिरणीसमोरून जाताना तो थबकला आणि म्हणाला, “शेठ, उद्या पट्टा तुटेल.” गिरणीवाला पोट धरून हसला. दुसऱ्या दिवशी पट्टा तुटला तो त्याच्या डोक्यावरची टोपी घेऊन भिंतीवर जाऊन आपटला. टोपीत डोकं नव्हतं हे नशीब. तेव्हापासून सगळे त्याला वस्ताद म्हणू लागले.

अशा माणसाच्या शब्दाबाहेर गावात कोणी नव्हतं. अपवाद एकच, त्याचा धाकटा भाऊ.

थंडीचे दिवस होते. सकाळी नऊच्या सुमारास धाकट्याने आपला बावीस वर्षं जुना ट्रक वस्तादाच्या गॅरेजच्या शेडसमोर आणून लावला. मागे सिमेंटची पोती शिगोशीग भरलेली. खाली उतरून तो हात चोळत म्हणाला, “दादा, मोठं काही नाही. हीटर गार हवा सोडतोय, त्यामुळे समोरच्या काचेवर सारखं धुकं धरतं. पुसून पुसून हात दुखला. तेवढं बघ, मी निघतो. दुपारपर्यंत घाट उतरायचाय.”

वस्तादाने काचेकडे पाहिलंच नाही. इंजिन चालूच होतं, आणि ते खडखडत होतं. लोखंडी डब्यात खिळे टाकून कोणी सावकाश हलवावेत तसं.

“आत्ता चालू केलीस का?”

“छे! गोदामापासून चालवत आणली. तास झाला असेल. त्याआधी रांगेत दोन तास उभी होती, तीही चालूच. थंडीत पुन्हा चालू करायला कुरकुरते ना.”

तीन तास चाललेलं इंजिन एव्हाना घोगरं, भरलेल्या आवाजात बोलायला हवं. हे तर आत्ताच कोणी झोपेतून ओढून उठवल्यासारखं दात वाजवत होतं. मागच्या नळीतून पांढरा धूर येत होता, डोळ्यांना झोंबणारा, अंगणात रेंगाळणारा. वस्ताद वाकून त्या धुरात उभा राहिला.

“उष्णतेचा काटा काय म्हणतो?”

“काटा झोपलाय. वर येतच नाही. गाडी कशी, एकदम थंड डोक्याची! माझ्यावर गेलीय.”

वस्तादाची बायको चहा घेऊन आली होती. “तुमच्यावर गेली असती भावोजी, तर दिवसभर बोलत सुटली असती.”

“बोलते की! आणि खरं सांगू वहिनी? लोकांच्या गाड्या तेल खातात, माझी तेल देते. दोन महिन्यांत इंजिनात थेंब घातला नाही, आणि पट्टीवर तेल उलट वाढतंय. अड्ड्यावरचे ड्रायव्हर गाडीच्या पाया पडायचे बाकी राहिलेत.”

वस्तादाने तोंडाजवळ नेलेला पेला तसाच खाली ठेवला.

“काय म्हणालास?”

“तेल वाढतंय. का? वाईट का?”

“बंद कर गाडी. आधी बंद कर.”

त्याने तेल बघायची पट्टी ओढली. वरच्या खुणेच्या पुढे तीन बोटं तेल चढलेलं. त्याने दोन बोटांत चोळलं तर ते पाण्यासारखं ओघळलं. वास घेतला. मग जुन्या वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर एक थेंब सोडला. मधे काळा ठिपका राहिला आणि त्याभोवती फिकट, ओलसर कडं पसरत गेलं, पसरतच गेलं.

“हे तेल नाही वाढलं. यात डिझेल उतरलंय. इंजिन गार असलं की डिझेल सगळं जळत नाही. उरलेलं पिस्टनच्या कडेने झिरपून खाली तेलाच्या चेंबरमध्ये जातं. तासन् तास उभी ठेवून चालवतोस, मग तर बघायलाच नको. चेंबर गळ्यापर्यंत भरलं, की एक दिवस इंजिन तेच तेल वर ओढून जाळायला लागतं. मग तू किल्ली काढ, नाहीतर हात जोड, ते थांबत नाही. सुसाट सुटतं, आणि शेवटी आतल्या आत फुटतं. घाटाच्या उतारावर, एवढं ओझं मागे असताना फुटलं म्हणजे ब्रेकला लागणारी हवाही गेली. तू दरीतून वर येत नाहीस मग.”

धाकटा हसला. “लहानपणी विहिरीत राक्षस आहे म्हणून सांगायचास, ते हेच तोंड करून.”

“त्यामुळेच विहिरीत पडला नाहीस.”

खरंच इंजिन गार आहे की काटाच खोटं बोलतोय, हे आधी पाहायला हवं होतं. वस्तादाने एक तळवा रेडिएटरच्या वरच्या पाइपवर ठेवला, दुसरा खालच्यावर. तासभर चाललेल्या ट्रकचा वरचा पाइप हाताला चटका देतो, खालचा जरा कमी. इथे दोन्ही सारखेच कोमट, अंघोळीचं पाणी विसरून राहावं तसे. काटा खरं बोलत होता.

म्हणजे दार उघडं राहिलंय. इंजिनाच्या पाण्याच्या वाटेवर एक छोटं दार असतं, थर्मोस्टॅट. पाणी पुरेसं तापेपर्यंत ते मिटलेलं राहतं, तापलं की उघडतं आणि पाणी गार व्हायला रेडिएटरकडे जातं. ते अडकलं असेल, गंजलं असेल, असं म्हणत वस्तादाने बादलीत पाणी काढून घेतलं, दोन बोल्ट सोडवले आणि थर्मोस्टॅटवरची पाइपाची मान उचलली.

आत काहीच नव्हतं. नुसतं गोल, काळं भोक.

“कोणी काढला हा? कोणता गाढव...” आणि तो थांबला. पाणी गळू नये म्हणून मानेखाली बसवलेला पुठ्ठा त्याच्या हातात आला होता. जोड्याच्या खोक्याचा पुठ्ठा, कडा कात्रीने गोल केलेल्या, बोल्टची भोकं पंचाने नव्हे तर जाड खिळ्याने पाडलेली. असा पुठ्ठा या भागात एकच माणूस कापायचा.

“तूच काढलास की,” धाकटा म्हणाला. “दोन वर्षं झाली. त्या उन्हाळ्यात चढावर पाणी उकळायचं. तू म्हणालास, ही कटकट कशाला हवी, काढून टाकू. सगळ्यांचे तर काढलेस. कोणाची गाडी उकळली नाही त्यानंतर.”

वस्ताद खाली टायरवर बसला. गेले दोन हिवाळे रोज सकाळी त्याला रस्त्यावरून ही खडखड ऐकू येत होती. थंडीचा आवाज आहे, असं तो स्वतःलाच सांगत आला होता.

त्याने सुट्या भागांच्या दुकानदाराला फोन लावला.

“थर्मोस्टॅट?” पलीकडून दुकानदार खदखदला. “वस्ताद, सकाळी सकाळी चेष्टा? तुमच्याकडे गाडी आली की तुम्ही तो उपटून फेकता, बाकीचे तुमचं बघून फेकतात. मी ठेवणंच सोडलं. मागवला तर चार दिवस लागतील.”

“चार दिवस?” धाकट्याने ऐकलं आणि तो उठलाच. “मान बसव दादा, पाणी भर. रेडिएटरपुढे पुठ्ठा लावून जातो, तेवढंच गरम राहील.”

“पुठ्ठा लाव. पण आधी हे तेल काढू दे. अर्धा तास.”

“अर्धा तास अर्धा तास करत दुपार होईल. आल्यावर काढ.”

“अहो भावोजी, ऐका की त्यांचं,” वहिनी म्हणाली. तिचा आवाज आता चेष्टेचा नव्हता.

वस्तादाने मान बसवली, पाणी भरलं. हात धुऊन तेलाचं घमेलं आणायला तो आत वळला, तेवढ्यात धाकटा चढून बसला होता. इंजिन चालू झालं. घसा मोकळा करावा तसं धाकट्याने दोनदा ॲक्सिलरेटरवर पाय दाबला.

तिसऱ्यांदा त्याने पाय दाबलाच नव्हता.

खडखड थांबली. तिच्या जागी ‘कीं’ असा आवाज उठला आणि वर वर चढत गेला. पांढरा धूर निळा झाला, दाट झाला, शेड दिसेनाशी झाली. सगळा ट्रक उभ्याउभ्या थरथरू लागला, पोत्यांतून सिमेंट झरू लागलं.

“पाय काढ!”

“काढलाय!”

“किल्ली!”

“काढली! ही बघ, हातात आहे! इंजिन बंद करायची दोरीपण ओढली!”

इंजिन आता कोणाचंच नव्हतं. वस्तादाने जॅकखाली ठेवायची जाड फळी उचलली, इंजिनात हवा नेणारा पाइप दोन्ही हातांनी हिसडून काढला आणि उघड्या तोंडावर फळी दाबून तिच्यावर अंग टाकलं. फळी आत ओढली जात होती, जणू आतून कोणी तिचं दुसरं टोक धरलं होतं. आवाज अडखळला. एकदा, दोनदा धाप लागल्यासारखा झाला आणि मेला.

धाकटा खाली उतरला. किल्ली अजून मुठीत होती. वहिनीने पुढे केलेलं पाणी त्याने घेतलं आणि अर्धं अंगावर सांडलं.

“हे घाटात झालं असतं,” तो म्हणाला.

धूर हळूहळू विरला, आणि विरता विरता रस्त्याकडून तीच खडखड आली. डब्यातले खिळे. लंबू नावाचा ड्रायव्हर आपला ट्रक घेऊन निघाला होता, घाटाच्याच दिशेने, मागे पांढरं शेपूट सोडत. वस्तादाला पाहून त्याने लांबलचक हॉर्न दिला.

वस्ताद धावत सुटला. लंबूने वेग कमी करून खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “काय वस्ताद, आज स्वागताला?”

“पट्टीवर तेल वाढलंय का रे?”

“वाढलंय की! तुमचीच कृपा!” लंबू छातीवर हात ठेवून हसला. “सरका बाजूला, थांबायला वेळ नाही. मागे सहा गाड्या आहेत आपल्याच.”

वस्तादाने मागे पाहिलं. वळणापर्यंत एकामागोमाग एक ट्रक येत होते, आणि प्रत्येकाच्या मागे तसाच पांढरा धूर.

तो लंबूच्या गाडीपुढे रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात पसरले. मागून धाकटा आला आणि त्याच्या शेजारी उभा राहिला. पहिला हॉर्न वाजला, मग दुसरा, मग सगळेच.